मान, नरड्यासकट

टिमारू
रविवार, २९ मे २०२२

प्रिय कार्मेल,

अक्षर ओळखूनही तू हे पाकीट फोडलंस असं धरून चालते. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले तर सवयीने आधी हवा लिहावीशी वाटते. हवा छान आहे. हिवाळा लागलाय, सकाळी गवतावर दव गोठतं, दहापर्यंत विरघळतं. तुमच्याकडे वर, फेअर्लीच्या डोंगरांत, बर्फ पडलं असेल.

कॉन्व्हेंटमध्ये रविवारची मिस्सा झाली की आम्हाला घरी लिहायला कागद मिळायचा. पत्र उघडंच सिस्टर इग्नेशियांच्या टेबलावर ठेवायचं. त्या वाचायच्या आणि मगच चिकटवायच्या. त्यामुळे आम्ही सगळ्याजणी एकच पत्र लिहायचो. हवा छान आहे, जेवण छान आहे, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. आई ते वाचून सुखावायची. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, की तू तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणायचीस, "नोली रडतेय."

"कुठे लिहिलंय तसं?"

"जेवण छान आहे असं लिहिलंय ना? तिला कधी कुठलं जेवण छान लागलंय?"

आणि पुढच्या टपालगाडीने आल्याच्या वड्यांचा डबा यायचा. तू केलेल्या, कडेने जळालेल्या. मला वाटायचं आईच पाठवते.

अ‍ॅलनच्या जाण्याला, म्हणजे मला विधवा होऊन, मार्चमध्ये तीन वर्षं झाली. तू फुलं पाठवली होतीस. चिठ्ठी नव्हती, पण डोंगरावरचं गवत बांधलेलं होतं, त्यावरून कळलं. आभार मानायचे राहिले. आता इथे मी आणि टॅम. तू मला हा कुत्रा दिलास तेव्हा वर्षाचाही नव्हता, मेंढ्यांपुढे मान खाली घालतो म्हणून मेंढ्या वळवण्याच्या कामात नापास झालेला. आता आठ वर्षांचा आहे आणि समुद्रपक्ष्यांपुढेही मान खाली घालतो. बरा आहे. जरासा बारीक झालाय. पाणी बरंच पितो. एका जागी बसत नाही, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत असतो. भूक चांगली आहे. खायला तेच, जे तुझ्याकडे खायचा. थंडीमुळे असेल. काळजीचं काही नाही.

मी बरी आहे. गुडघाही बरा आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
नोलीन

&nbsp;

टिमारू
रविवार, ५ जून २०२२

प्रिय कार्मेल,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. ते लिहिलं तेव्हा मी टॅमला जनावरांच्या डॉक्टरकडे दाखवून आले होते. ब्रायोनी म्हणून नवी मुलगी आहे, हात गरम असतात तिचे. तिने टॅमच्या छातीला नळी लावली, मग जागा बदलून पुन्हा लावली.

"हा काय डोंगर चढून आलाय का?"

"सोफ्यावरून उतरून आलाय."

"कुत्रा इथे उभा आहे, नोलीन, आणि हृदय मेंढ्यांमागे धावतंय."

रक्त काढलं. चार दिवसांनी बोलावलं. थायरॉईड असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. वजन सोळा किलो. दोन वर्षांपूर्वी एकवीस होतं.

"मांजरांत हे मी रोज बघते," ती म्हणाली. "कुत्र्यात सहसा होत नाही. झालंच तर दोनच कारणं. मानेत गाठ, नाहीतर खाण्यातून काहीतरी जातंय. काय खातो हा?"

"घरचं उरलेलं," मी म्हटलं. "भात, मटण, उकडलेली भाजी."

कार्मेल, टॅम गेली आठ वर्षं तुझ्या कारखान्याचं पाकीट खातो. आपलं भांडण झालं त्या आठवड्यातही मी गॅविनच्या दुकानातून ते आणलं, आणि नंतर दर महिन्याला आणत राहिले. गॅविन दरवेळी म्हणायचा, "सख्ख्या बहिणीकडून विकत घेतेस होय? भांडण महागात पडतंय तुझं." तुला कळवायचं नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. ब्रायोनीला ते नाव सांगितलं असतं तर आठ दिवसांत साऱ्या दक्षिण कँटरबरीत पसरलं असतं, की हेफर्ननांचं खाऊन कुत्री आजारी पडतात, तिची बहीणच म्हणाली. तुझ्यासाठी मी गप्प बसले.

आणि घरी येऊन पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, आणि जे काम मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं माणसांसाठी केलं ते कुत्र्यासाठी करायला बसले.

प्रथिनं चव्वेचाळीस टक्के, चरबी बत्तीस, पाणी चार. कॅल्शियम फॉस्फरसच्या सव्वापट, म्हणजे हाडाची भुकटी नीट मोजून घातली आहे. कलेजी सात टक्के. याच्या फार वर गेली तर अ जीवनसत्त्व चढतं, पण इथे ठीक आहे. थायरॉईड म्हटल्यावर माझा पहिला संशय समुद्रशेवाळावर गेला, कारण त्यात आयोडीन. पण ते यादीत शेवटून दुसरं आहे. टॅमच्या रोजच्या वाटीचा हिशेब मांडून पाहिला, मर्यादेत निघालं. शिंपल्यांचंही तेच. सगळं कच्चं, नुसतं गोठवून सुकवलेलं, आचेचा स्पर्श नाही. त्यामुळे मांसात जे असतं ते सगळं राहतं. मूठभर दिसतं, पण पाणी घातलं की चौपट होतं. हे सगळं तुला माहीत आहे. मी स्वतःलाच वाचून दाखवत होते.

मग मला कपड्यांचे चिमटे आठवले. ते मी तुझ्या एका जुन्या पाकिटात ठेवते, तीन वर्षांपूर्वीच्या. ते रिकामं करून दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. जे वजनाने जास्त ते यादीत आधी, हा नियम. जुन्यावर आहे: कोकराचं हृदय, वजडी, कलेजी, हाड, शिंपले, मान. नव्यावर: कोकराचं हृदय, मान, वजडी.

सहावी होती ती दुसरी झाली. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

का वाढवलीस? हृदय महाग झालं म्हणून? निर्यातवाले सगळी हृदयं उचलतात हे मी वाचलं होतं. पण बाबांचा फोटो छापलेल्या पाकिटात असा बदल करायच्या आधी कुणाला तरी विचारायचं असतं. मला नाही तर निदान दुसऱ्या कुणा जाणत्या माणसाला.

मानेत काय वाईट असतं ते मला अजून सापडलेलं नाही. मान म्हणजे मांस आणि हाड. माझ्या तक्त्यात तरी एवढंच आहे. तुला काही माहीत असेल तर कळव.

नोलीन

&nbsp;

टिमारू
रविवार, १२ जून २०२२

कार्मेल,

हे पत्र आधी पूर्ण वाच.

शुक्रवारी टॅमची मान तपासायची होती. बाहेरून गाठ लागत नव्हती, म्हणून ब्रायोनी म्हणाली की भूल देऊन उघडून बघावं लागेल. मी कागदावर सही केली. सही करायची मला फार सवय आहे. त्यांनी त्याच्या गळ्यावरचे केस काढले. ती पांढरी पट्टी, जी त्याच्या आईलाही होती, ती गेली. खाली गुलाबी कातडी, आणि त्यात नाडी दिसत होती, इतकी भराभर. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो भिंतीकडे बघत होता, जसा मेंढ्यांसमोर बघायचा.

"थांब," मी म्हटलं. "तो उरलेलं खात नाही."

ब्रायोनीने सुई खाली ठेवली.

मी पाकिटाचं नाव सांगितलं. तिने ते तिथल्या फळ्यावर लिहिलं.

"तीन आठवडे, नोलीन."

"हो."

"माझी आजी अशीच. डॉक्टरला खोटं सांगायची आणि पाद्रीला खरं. डॉक्टरला वाटायचं ती ठणठणीत आहे." मग ती बसली. "प्लेझंट पॉइंट गावात एक स्पॅनियल कुत्री आहे. गेल्या महिन्यात तिची मान मी उघडली. हेच सगळं, पाणी, फेऱ्या, वजन. आत काही नव्हतं. त्यांच्या घरी हेच पाकीट आहे. मी तेव्हा नीट विचारलं नाही, ही माझी चूक. यात मान कशी घालतात, ठाऊक आहे? नुसती मान, की नरड्यासकट?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

तिने समजावलं. थायरॉईडची ग्रंथी नरड्याला चिकटलेली असते, दोन्ही बाजूंना, अंगठ्याच्या पेराएवढी. मान नरड्यासकट दळली की तीही दळली जाते. कुत्रा रोज दुसऱ्या जनावराचं थायरॉईड खातो. सुकवल्याने ते जात नाही. थोडं असेल तर पचून जातं. जास्त झालं की हे असं. खाणं बदललं तर बहुतेक उतरतं, सहाएक आठवडे लागतात. हृदय फार थकलेलं नसेल तर.

"मी सोमवारी कारखान्याला कळवणार आहे," ती म्हणाली. "कळवावंच लागेल."

"माझी बहीण आहे."

"मग तुम्ही आधी कळवा."

तुला मी दोनदा फोन केला. तू घेतला नाहीस, आणि निरोपाचं मशीन लागलं की मी फोन ठेवून दिला. मला असल्या गोष्टी कागदावरच येतात, त्याही धड नाही.

मी ब्रायोनीला म्हटलं मला ठाऊक नाही, तेही खोटं होतं. घरी येऊन तुझ्या पाकिटाच्या पाककृतीची तपकिरी फाईल काढली. आत दुसरं पान, माझ्या टाइपरायटरवर, माझ्या सगळ्या पदव्यांसकट सही केलेलं. बघ, तुझ्याकडेही असेल. "मान, नरड्यासकट, कूर्चेसाठी: तीन भाग. हृदयाचा तुटवडा पडल्यास मान पंचवीस भागांपर्यंत वाढवण्यास हरकत नाही."

हरकत नाही. हे मी लिहिलं होतं. मागच्या रविवारी मी तुला विचारलं की कुणाला विचारून वाढवलीस. तू मलाच विचारून वाढवली होतीस. आणि मी ब्रायोनीशी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं. ती सही कुणी बघू नये म्हणून होतं. पहिल्या पत्राच्या आधीपासून माझ्या मनात कुठेतरी ते पान होतं. फाईल कपाटाच्या वर आहे, गुडघा दुखतो, अशी कारणं मी स्वतःला देत होते.

त्या दिवशीचं तुला आठवत असेलच. पॅकिंगच्या शेडमध्ये तू पेट्यांवर तारीख लिहीत होतीस. कच्ची मेंढी दहा दिवस गोठल्याशिवाय कुत्र्याला द्यायची नाही, आणि ती तारीख तू कुणा नोकराला लिहू देत नाहीस. मी ते पान वाचून दाखवलं. तू वर न बघता म्हणालीस, "बाबा नरडं देत नसत."

"का?"

"ते मला नाही माहीत. कापून वेगळं काढायचे."

"कार्मेल, 'देत नसत' हा आहारशास्त्राचा नियम नाही."

"मग कशाचा आहे?"

"कशाचाच नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईने मला हे शिकवू नये."

तू खडू खाली ठेवलास. "शाळा सोडली नाही मी. आई अंथरुणावर होती. दोघींपैकी एकीने घरी राहायचं होतं, आणि तू आधीच गेली होतीस."

मी गाडीत बसले आणि निघून आले. तुला दुकानांना दाखवायला शिकलेल्या माणसाचा कागद हवा होता, म्हणून तू माझा कागद वापरलास. एवढं बोलल्यावरही तू माझंच ऐकलंस. ते नसतं ऐकलंस तर बरं झालं असतं.

मलाही एकदा दिसलं होतं, हे मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही. ऑगस्टची सुट्टी होती. बाबा मेंढी सोलत होते, कुत्री रांगेत बसलेली. त्यांनी मान उलटी केली, सुरीचं टोक घातलं, आणि लालसर काहीतरी उपटून खड्ड्यात टाकलं. मी विचारलं, "ते का नाही?" ते म्हणाले, "ते कुत्र्याचं नाही." बस. त्यांना ग्रंथीचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांकडे एक कुत्रा होता म्हणे, जो बसायचाच नाही. मला वाटलं, हे किडे-जंतूंचं असेल, तेव्हा कुत्र्यांना आतडी-काळीज सगळं उकडूनच द्यायचा कायदा होता. मी त्यांना शाळेतलं एक चोपडं वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मी बारा वर्षांची होते आणि मला त्यांची कीव आली होती.

तर आता: मान थांबव. आहे तो माल परत घे. सांगताना म्हण की पाककृती नोलीन हेफर्ननची होती आणि ती चुकली. पानाची प्रत सोबत जोडली आहे, कुणी मागितली तर दाखव. काल गॅविनकडे गेले होते, तुझं पाकीट फळीवर नव्हतं. "माल नाही," एवढंच म्हणाला. निदान इथे तरी संपलंय. टॅमला मी भात आणि अंडं देते आहे. तो खातो आणि माझ्याकडे बघतो, बाकीचं कुठे आहे म्हणून.

हे पत्र मी लिहिल्या लिहिल्या चिकटवणार आहे. पुन्हा वाचलं तर सिस्टर इग्नेशियांसारखी त्यातली वाक्यं काढायला लागेन.

नोलीन

&nbsp;

टिमारू
रविवार, १० जुलै २०२२

प्रिय कार्मेल,

तीन रविवार लिहिलं नाही. बसायचे, आणि उठून भांडी घासायचे.

तुझी पेटी बुधवारी आली होती, पंधरा जूनला. कुरियरवाल्याने दारात ठेवली आणि म्हणाला, "गार आहे. मासे आहेत का?" आत बारा पिशव्या. त्यांच्याखाली पत्र्याचा डबा, तोच, झाकणावरचं राणीचं तोंड पुसलेला. चिठ्ठी शोधली. नव्हती. मला वाटलं, माझं बारा तारखेचं पत्र मंगळवारी मिळालं असेल आणि तू लगेच हे पाठवलंस. म्हणजे कबुली दिली म्हणून माफी. मी पिशव्या फ्रीझरमध्ये रचल्या, बसून एक वडी खाल्ली आणि थोडी रडले.

संध्याकाळी टॅमसाठी पहिली पिशवी काढली. त्यावरची अक्षरं मेणाच्या खडूने लिहिलेली, तुझी, मोठी. लेबल दिसलं की मी वाचतेच.

मान. नरडं काढलेलं. गोठवलं ४ जून.

मी ते परत वाचलं. मग बाकीच्या अकराही काढून पाहिल्या. सगळीकडे ४ जून.

चार तारखेला माझं दुसरं पत्रसुद्धा लिहून व्हायचं होतं. तुझ्या हातात फक्त पहिलं होतं. हवा छान आहे, काळजीचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गॅविनकडे गेले. "तू म्हणालास ना माल नाही?"

"नव्हताच. तुझ्या बहिणीने नेला. तीन तारखेच्या शुक्रवारी आली होती, मागे ट्रेलर लावून. फळीवरची, गोदामातली, सगळी पाकिटं उचलली. इथून पुढे वायमाटेला, तिथून ओमारूला. म्हटलं, काय गं, झालं काय? तर म्हणाली, 'माझ्या बहिणीचा कुत्रा पाणी पितोय.'" त्याने हात पसरले. "मी म्हटलं, बाई, सगळ्यांचेच पितात."

"मला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली सांगू नकोस. तू म्हणतेस तिला सांगू नकोस. सहा वर्षं मी हेच करतोय. तुम्हा हेफर्नन बायकांच्या मध्ये मी पडत नाही."

तू शुक्रवारी इथे होतीस, माझ्या घरापासून चार रस्त्यांवर. आली नाहीस. ते मला समजतं. सगळा माल उचलून घरी नेलास आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कुत्र्यासाठी बारा मानांची नरडी हाताने काढलीस, आणि मग दहा दिवस थांबलीस, कारण दहा दिवस थांबायचं असतं. त्याच दहा दिवसांत मी तुला लिहिलं, की जाणत्या माणसाला विचारायचं असतं. ते पत्र तुझ्याकडे आहे. जाळलं नसशील तर जाळ.

ब्रायोनी म्हणते, तिने कारखान्याला लिहिलं त्याला एका ओळीचं उत्तर आलं: माल ३ जूनलाच परत घेतला आहे, पाककृती बदलली आहे. पाककृती कुणाची होती ते त्यात नाही. माझं पान तू कुणाला दाखवलं नाहीस. स्पॅनियलच्या घरी मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या बाईंनी मला आत बोलावलं नाही. कुत्रीच्या मानेवर टाक्यांची रेघ आहे. ती दारातून बाहेर आली आणि माझा हात चाटायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तिला कळत नाही." मी म्हटलं, "नाही."

टॅम काल अठरा किलो भरला. अजून पूर्वीसारखा नाही, आणि होईलच असं ब्रायोनी म्हणत नाही. हृदय थोडं मोठं झालंय, ते तसंच राहील. तिने नळी लावली, मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मेंढ्या सोडल्या त्याने," ती म्हणाली. "फाटकापर्यंत परत आलाय."

दुपारी तो झोपतो आता. मी हे लिहिते आहे तेव्हा माझ्या पायावर झोपलाय. गळ्यावर केस आलेत, पांढरेच.

पिशव्यांतल्या दोन उरल्या आहेत. वड्या संपल्या. कडेने जळालेल्या होत्या.

हवा वाईट आहे, कार्मेल. आठवडाभर ऊन नाही. गुडघा दुखतो, जिना चढताना थांबावं लागतं. घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही आणि मला जेवण गोड लागत नाही.

शनिवारी टॅमला घेऊन तुझ्याकडे येते आहे. फाटक बंद असलं तर उघडून येईन आणि मागे लावून घेईन.

नोली